दोन्या तोमासांची तक्रार

आमच्या वस्तीत तक्रार न करणारं माणूस एकच होतं, आणि ते नेमकं माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होतं. मी स्वतः तक्रारीवर जगणारा. लोकांच्या जोड्यांची टाच झिजते, शिवण उसवते, म्हणून माझं दुकान चालतं. त्यात स्वभाव तिखट. सान होसे शहरात पस्तीस वर्षं काढली, पण इथली कॉफी पातळ असते हे मी अजून रोज सकाळी कोणाला ना कोणाला ऐकवतो. दोन्या तोमासा पोतोस्मे (दोन्या म्हणजे आमच्याकडे मानानं 'बाई') माझ्यासारख्याच सीमेपलीकडच्या, निकाराग्वातल्या, माझ्या गावापासून हाकेच्या अंतरावरच्या. पण त्यांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. "बरं आहे, देवाची कृपा."

घरमालकानं दोन दिवस पाणी तोडलं तेव्हा मी त्याच्या सात पिढ्या उद्धरत होतो. दोन्या तोमासा हंडा घेऊन नदीकडे निघाल्या होत्या. मी म्हटलं, "तुम्हाला राग येत नाही का?"

"कशाला येईल? तेवढंच चालणं होतं."

"गुडघे दुखतात ना तुमचे?"

"दुखतात की. पण चालतात."

अशा बाईशी भांडायचं तरी कसं? चौसष्ट वर्षांच्या, बुटक्या, रुंद, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी घातलेल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. शनिवारी पहाटेपासून मक्याचं पीठ शिजवायचं, केळीची पानं शेकायची, त्यात मांस, भात, बटाटा, पुदिना घालून नाकातामाल बांधायचे आणि रविवारी विकायचे, हा त्यांचा गावातला धंदा. इथे आल्यावरही तोच. रविवारी सकाळी आमच्या गल्लीत प्रार्थनेला जाणारे कमी आणि दोन्या तोमासांच्या दारात उभे राहणारे जास्त. पाद्री स्वतः मागच्या दारानं येत.

त्या इथे का आल्या हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि खरं तर कोणालाच ठाऊक नव्हतं. दोन हजार अठरा साली गावात सरकारविरुद्ध गडबड झाली. पोरांनी रस्त्यातल्या फरशा उपटून नाक्यानाक्यावर भिंती उभ्या केल्या आणि मागे ठाण मांडून बसली. दोन्या तोमासांनी त्यांना दोन महिने खाऊ घातलं. पोरं हटली आणि मग घराघरांत धरपकड झाली. एवढं मला फोनवर कळलेलं. पुढचं विचारलं की दोन्या म्हणायच्या, "निघायची वेळ झाली होती, निघाले." जणू लग्नाच्या पंगतीतून उठल्या होत्या.

इथे आल्या आल्या त्यांनी सरकारी ऑफिसात आश्रयासाठी अर्ज केला. दोन वर्षांनी मुलाखतीला बोलावलं, आणि त्यानंतर वर्षभरानं एक जाड पाकीट आलं. ते घेऊन त्या माझ्या दुकानात आल्या.

"फर्मीन, जरा वाचून दाखव. कागद फार छान आहे."

कागद छानच होता. मजकूर असा, की अर्ज नामंजूर. अर्जदार बाईंना विचारलं, पोलिसांनी तुम्हाला त्रास दिला का? उत्तर: नाही, चांगले वागले. विचारलं, या देशात का आलात? उत्तर: इथे काम आहे, लोक चांगले आहेत. विचारलं, परत जायची भीती वाटते का? उत्तर: देव आहे. सबब, बाई कामधंद्यासाठी आल्या आहेत, त्यांना संरक्षणाची गरज दिसत नाही.

मी चष्मा काढला. "हे तुम्ही म्हणालात?"

"त्यानं विचारलं, मी सांगितलं. फार सभ्य मुलगा होता. त्याचा घसा बसला होता, मी त्याला लिंबू-मध घे म्हटलं. तेही लिहिलंय का?"

ते लिहिलं नव्हतं. मी खूप बोललो त्या दिवशी. कपाळावर हात मारून घेतला, हातोडी आपटली. पण खरं म्हणजे मी घाबरलो होतो. कारण परत गेल्या तर काय होईल हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पोरांना नुसतं पाणी पाजलेल्या बायका तुरुंगात बसल्या होत्या. दोन्या तोमासांनी तर दोन महिने नाकातामाल पोचवले होते, तेही गरमागरम.

वरच्या समितीकडे दाद मागितली, तिनं तीन ओळींत तेच म्हटलं. उरलं फक्त कोर्ट. तिथे तीन न्यायाधीश बसून ऑफिसनं केलं ते बरोबर की चूक ते पाहतात. तिथेही नाही म्हणाले तर सीमेवरची बस. विद्यापीठात गरिबांचे खटले फुकट लढणारं एक केंद्र आहे. तिथून आम्हाला येन्द्री मिळाली. नुकती वकील झालेली, पक्की इथली, बोलताना पेन चावणारी मुलगी. तिनं सगळे कागद वाचले आणि म्हणाली, "सेन्योर फर्मीन, ऑफिसची चूक आहेच. यांनी खोदून विचारायला हवं होतं. पण कोर्टात दोन्या परत तेच बोलल्या, तर मी काय करू?"

म्हणून माझ्या दुकानात तालीम सुरू झाली. मी सरकारी वकील. येन्द्री खिळ्यांच्या डब्यावर बसून ऐकायची.

"सांगा बाई," मी आवाज जाड करून म्हणायचो, "पोलीस घरी आले तेव्हा काय झालं?"

"आले बिचारे."

"बिचारे?"

"ऊन किती होतं, फर्मीन. अंगावर ते जाड कपडे."

"त्यांनी काय नासधूस केली?"

"थोडी सांडलवंड झाली. घर म्हटलं की होतंच."

येन्द्रीचं पेन अर्धं चावून झालं. "दोन्या, खोटं बोला असं मी म्हणत नाहीये. पण खरं तरी बोला ना."

"खरंच बोलते आहे पोरी. आता परक्याच्या ओसरीवर बसून आपल्या घरचं रडगाणं गायचं का? माझ्या आईनं जीभ हासडली असती."

हे मला समजत होतं, कारण माझी आईही तशीच होती. आमच्याकडची जुनी माणसं मरताना डॉक्टरला सांगतात, बरं आहे. अनोळखी माणसानं ख्यालीखुशाली विचारली की त्याच्या हातात आपलं दुःख ठेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ऑफिसातल्या त्या सभ्य मुलानं ख्यालीखुशालीच विचारली होती, आणि दोन्यांनी रीत पाळली होती. पण येन्द्री हुशार. बाहेर पडताना मला हळूच म्हणाली, "नुसती रीत नाही ही. त्या काहीतरी झाकताहेत."

"दोन्या तोमासा? त्या पातेल्यावरसुद्धा झाकण ठेवत नाहीत," मी म्हटलं. पण शंकेचा किडा माझ्याही डोक्यात शिरला.

कोर्टाच्या दिवशी सकाळी त्या दारात उभ्या. ठेवणीतला निळा झगा, आणि हातात पिशवी. पिशवीतून वाफ येत होती.

"हे काय?"

"चार नाकातामाल. तीन त्या न्यायाधीशांना, एक त्या दुसऱ्या वकिलाला. कोणाच्या दारी रिकाम्या हातानं जाऊ नये."

येन्द्री कोर्टाच्या पायरीवर भेटली आणि तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. "दोन्या, याला लाच म्हणतात!"

"लाच? यात डुकराचं मांस आहे फक्त."

शेवटी पिशवी दारावरच्या पहारेकऱ्याकडे ठेवली. सांभाळतो म्हणाला. परत आलो तेव्हा तीन होते, आणि पहारेकरी आमच्याकडे न बघता भिंतीवरची नोटीस वाचत होता.

असले खटले बंद दाराआड चालतात, पण सोबत कोणीतरी हवं असा अर्ज येन्द्रीनं केला होता, म्हणून मला मागच्या बाकावर बसू दिलं. समोर तीन न्यायाधीश. मधल्या बाई साठीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला, बोटांवर शाईचे डाग. सरकारी वकील सर्दीनं बेजार झालेला तरुण. तो उभा राहिला आणि दोन्यांचीच उत्तरं वाचू लागला. चांगले वागले. इथे काम आहे. देव आहे. एकेक वाक्य वाचून तो थांबायचा आणि शिंकायचा.

"आलं किसून घाल बाबा गरम पाण्यात," दोन्या तोमासा म्हणाल्या.

डावीकडचे न्यायाधीश हसले. मी बाकाखाली पाय आवळून धरले. झालं, आता सगळं मुसळ केरात, मनात म्हटलं. मधल्या बाईंनी विचारलं, "दोन्या तोमासा, कशा आहात?"

"बरं आहे, देवाची कृपा. तुम्ही?"

"मीही बरी." बाईंनी चष्मा काढून साखळीवर सोडला. समोरचे कागदही मिटले. "पोलिसांनी काय केलं ते मला सांगू नका. ते राहू द्या. तुम्ही काय केलंत ते सांगा. त्या दिवशी सकाळी उठल्यापासून."

आणि दोन्या तोमासा खुलल्या. एवढ्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

"शनिवार होता," त्या म्हणाल्या, "म्हणजे पहाटे उठले. पीठ चुलीवर चढवलं. ते सारखं ढवळावं लागतं, नाहीतर खाली धरतं. पानं शेकून पुसून ठेवली. साडेआठला दार आत पडलं."

"दार आत पडलं म्हणजे?"

"लाथेनं. जुनंच होतं. मी आधी पातेलं मागे सरकवलं, कोणाला भाजायला नको म्हणून. सहा जण होते, तोंडं बांधलेली. सकाळची वेळ, म्हणून मी विचारलं, कॉफी झाली का? पाच जण काही बोलले नाहीत. एक म्हणाला, नाही झाली. मग मी कॉफी टाकली."

टाइप करणाऱ्या मुलीची बोटं थांबली होती, बाईंनी तिला खुणेनं लिहायला सांगितलं.

"मी कॉफी करत होते तोवर ते शोधत होते. पीठ जमिनीवर ओतलं त्यांनी. नवऱ्याचा फोटो फोडला, त्याच्या मागे काही लपवलंय का बघायला. एकानं बंदूक इथे लावली." त्यांनी कानाखाली बोट टेकवलं. "पोरं कुठे आहेत विचारत होता. मी म्हटलं, हात हलेल, कॉफी सांडेल, जरा थांब. मग कॉफी नाही झाली म्हणणाऱ्याला कप दिला. प्यायची म्हणजे तोंडावरचं फडकं वर करावं लागतं ना. त्यानं वर केलं. मी त्याला ओळखलं."

"कोण होता?"

दोन्या तोमासांनी मांडीवरचा झगा सारखा केला.

"मग काय झालं?" बाईंनी प्रश्न सोडून दिला.

"कप परत देताना तो हळूच म्हणाला, दोन्या, यादीत तुमचं नाव आहे. चार वाजता दुसरे येतील. ते कॉफी पीत नाहीत. मग ते गेले. मी पीठ पुसून घेतलं, कप धुतला आणि निघाले. दोनच्या बसनं सीमेवर."

"कप धुतला?"

"उष्टा कप टाकून कशी निघू? चारला दुसरे आले. मी नाही म्हणून स्वयंपाकघर पेटवलं. शेजारणीनं नंतर फोनवर सांगितलं. धुतलेला तो कप गेलाच म्हणे."

मला डोळ्यांपुढे काही दिसेना. पाच वर्षं भिंतीला भिंत. पाच वर्षं मी या बाईला मुळमुळीत म्हणत होतो. मला माझीच इतकी लाज वाटली की मी मान खाली घालून फरशी मोजू लागलो.

सरकारी वकील उठला. आता तो शिंकत नव्हता. "बाई, ऑफिसात तुम्ही म्हणालात, पोलीस चांगले वागले."

"तो वागला ना. तोही पोलीसच. तुमच्या माणसानं विचारलं, पोलीस कसे वागले. वाईट म्हटलं असतं तर त्याच्यावर अन्याय झाला असता. चांगलं का म्हणता असं विचारलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं."

"मग आता त्याचं नाव सांगा. म्हणजे आम्हाला खरं-खोटं तपासता येईल."

"नाही."

येन्द्री ताडकन उठली आणि त्यांच्याजवळ वाकली. "दोन्या, ही फाइल गुप्त असते. इथून नाव बाहेर जात नाही."

"पोरी, झाकल्या भांड्याचा वास मांजराला बरोबर कळतो." मग त्या न्यायाधीशांकडे वळल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरासा वाढला. "त्याची आई जिवंत आहे. तो अजून त्याच नोकरीत आहे. ते नाव दिलं तरच मला इथे ठेवणार असाल, तर मला परत पाठवा. मी काही बोलणार नाही."

मी बाकावरून अर्धा उठलो होतो. माझ्या तोंडात शिव्या आल्या, त्यांच्यासाठीच. अहो, सांगून टाका, एक नाव, त्या पोरानं काय केलंय तुमचं एवढं! आणि मग लक्षात आलं, त्यानं त्यांचा जीवच वाचवला होता. मी परत बसलो.

न्यायाधीश उठून आत गेले. आम्ही बाहेरच्या बाकावर एक तास बसलो. येन्द्रीचं दुसरं पेन संपलं. दोन्या तोमासा डुलकी काढत होत्या, किंवा तसं दाखवत होत्या. त्यांचे हात मांडीवर एकमेकांना घट्ट धरून बसले होते, म्हणून मला वाटतं दाखवतच होत्या.

बोलावलं तेव्हा मधल्या बाईंनी उभ्या उभ्या वाचलं. कायद्याची भाषा मला पुरी कळली नाही, पण काही वाक्यं पाठ झाली आहेत. या बाईंनी सौजन्य दाखवलं आणि ऑफिसनं ते पुरावा म्हणून लिहून घेतलं. जो प्रश्न विचारायला हवा होता तो ऑफिसात तीन वर्षांत कोणी विचारला नाही. नाव लपवणं हे खोटेपणाचं लक्षण नाही, कारण जिथे धोका नसतो तिथे कोणी नाव लपवत नाही. ऑफिसचा निर्णय रद्द. बाईंना निर्वासित म्हणून मान्यता द्यावी.

येन्द्री रडू लागली. सरकारी वकिलानं कागद गोळा केले, आमच्यापाशी थांबला आणि अवघडून म्हणाला, "आलं किसून की ठेचून, बाई?" खटला संपला होता, त्यामुळे एक नाकातामाल त्याला देता आला.

बसच्या थांब्यावर मी म्हटलं, "दोन्या, तुम्हाला बोलून दाखवत होतो ते सगळं मागे घेतो."

"कुठलं सगळं?"

"मुळमुळीत वगैरे."

"मी ऐकलंच नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि बस आली.

महिन्याभरात इथे राहायच्या परवान्याचं कार्ड आलं. फोटोत त्या घाबरल्यासारख्या दिसतात, पण कार्ड खरं आहे. त्यांनी ते सगळ्या गल्लीला दाखवलं, मग प्लॅस्टिकमध्ये घालून झग्याच्या आतल्या खिशात शिवून टाकलं. मी म्हटलं, कोणी मागितलं तर उसवत बसणार का? म्हणाल्या, मागणाऱ्याला थांबू दे.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी घरमालकाच्या दारात आरडाओरडा ऐकू आला. मी हातोडी ठेवून बाहेर आलो. दोन्या तोमासा कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. पाणी वेळेवर का येत नाही, जिन्याचा कठडा कधी बसवणार, भाडं घेताना बरा वेळेवर उगवतोस. घरमालकाची बोबडी वळली होती. तिथून त्या पाद्रीकडे गेल्या आणि प्रवचन फार लांबतं, गुडघ्यांचा विचार करा म्हणून सांगून आल्या. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मका जुना असल्याचं ऐकवलं. सगळी गल्ली दारात येऊन ऐकत होती. मलाही इतका आनंद झाला की मी उगाचच हसत सुटलो.

दुपारी त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, इथली कॉफी म्हणजे भांडी धुतलेलं पाणी आहे. मी म्हटलं, हे तर मी पस्तीस वर्षं सांगतोय. म्हणाल्या, तू सकाळी सहाला ठोकाठोक सुरू करतोस तीही बंद कर. मग स्टुलावर बसल्या, वाकून दोन्ही पायांतले काळे जोडे काढले आणि माझ्या समोर टेबलावर ठेवले. ते मीच शिवलेले होते, चार वर्षांपूर्वी, आणि त्यांवर माझा फार जीव होता.

"हे चावतात," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

मी जोड्यात हात घातला. करंगळीच्या जागी आतलं कातडं खरंच दुमडलेलं होतं. चार वर्षं ही बाई त्यातून नदीपर्यंत आणि बाजारापर्यंत चालली होती.

"चार वर्षं, दोन्या! मग बोलला का नाहीत?"

त्यांनी अनवाणी पाय स्टुलाखाली घेतले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की एवढं साधं कसं कळत नाही या माणसाला.

"तेव्हा मी पाहुणी होते, फर्मीन."

मी जोडे घेतले, साच्यावर चढवले आणि शिवण उसवायला लागलो.